चार मिनिटांचा प्रेक्षक

१

रविवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी राजस कामतने आपली सुटकेस तिसऱ्यांदा पलंगावर उपडी केली. दोन शर्ट, चार्जर, औषधांची डबी, दुपारच्या खेळाची उरलेली तिकिटं. निळी कापडी पिशवी जागेवर होती आणि तिची चेन नीट लावलेली होती. पिशवीतली हार्ड डिस्क मात्र नव्हती.

चोआ चू कांगमधला हा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट क्षितिज आणि ऋता सबनीस यांचा. राजस मुंबईहून आलेला, त्यांचा चार दिवसांचा पाहुणा. त्याने दिग्दर्शित केलेल्या ‘शेजारचा उजेड’ या सिनेमाचा सिंगापूरमधला एकमेव खेळ त्याच दुपारी जुरोंगच्या एका थिएटरात झाला होता. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, असं पोस्टरवर ठळक छापलेलं होतं. त्यामुळेच की काय, एकशे ऐंशी खुर्च्यांपैकी एकशे चौसष्ट भरल्या होत्या.

दाराचं कुलूप शाबूत होतं. बाहेरचं लोखंडी ग्रिलही. ऋताच्या बांगड्या आणि क्षितिजचा ऑफिसचा लॅपटॉप जागच्या जागी होते.

“थिएटरवर नेली असशील,” क्षितिज म्हणाला.

“नाही. पावणेदोनला आपण सगळे निघालो तेव्हा तुझ्यासमोर चेन लावली.”

ऋता दारात उभी होती. “प्रियाला कोण सांगणार?” तिने विचारलं.

राजसने सुटकेसचं अस्तर पुन्हा चाचपलं.

प्रियदर्शिनी गजभिये ही सिनेमाची नायिका. नागपूरची, गेली सात वर्षं सिंगापुरात, एका प्रयोगशाळेत संशोधक. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात राजसने तिला पाहिलं आणि सिनेमात घेतलं. सिनेमा खुनाचा आणि शेजाऱ्याशी जुळलेल्या चोरट्या संबंधाचा. त्यात चार मिनिटांचा एक शयनगृहातला प्रसंग होता. मार्चमध्ये मुंबईच्या समीक्षकांना सिनेमा दाखवला तेव्हा तो होता. एका परीक्षणात ‘नायिकेचा धीटपणा’ असे शब्द आले आणि प्रियदर्शिनीने सिंगापूरहून फोन करून तो प्रसंग काढायला लावला. एप्रिलमध्ये सगळीकडे लागलेल्या सिनेमात तो नव्हता. पूर्ण आवृत्तीची एकच प्रत राजसकडे उरली होती, याच डिस्कवर, आणि सोमवारी संध्याकाळी ती तिच्यासमोर पुसायचं ठरलं होतं.

क्षितिजने फोन हातात घेतला. “पोलिसांना कळवू.”

“आणि सांगू काय?” राजस म्हणाला. “पहिला प्रश्न येईल, डिस्कमध्ये होतं काय. दुसरा येईल, सेन्सॉरला न दाखवता ते या देशात आणलं कसं.”

फोन परत टेबलावर गेला.

“विनीताकाकूंना बोलावते,” ऋता म्हणाली.

२

विनीता देवस्थळी त्याच ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर मुलाकडे राहत. वय त्रेसष्ट. पुण्याच्या एका दैनिकात एकतीस वर्षं उपसंपादक. दुसऱ्याने लिहिलेल्या बातमीतली तारीख, आडनाव आणि अंतर तपासण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं होतं. आता त्या मंडळाचा अंक काढत. नवा अंक सोमवारी सहाला छपाईला जायचा होता आणि त्यातलं एक पान या सिनेमासाठी राखलेलं होतं. क्षितिज, ऋता आणि प्रियदर्शिनीचा नवरा उज्ज्वल, तिघांकडून छोटे अभिप्राय सोमवारी सकाळी दहापर्यंत यायचे होते.

त्या वर आल्या त्या हातात पेन्सिल घेऊनच. राजससमोर बसल्या.

“डिस्कबद्दल कोणाकोणाला माहीत होतं?”

“काल रात्री जेवताना टेबलावर जेवढे होते तेवढ्यांना. क्षितिज, ऋता, प्रिया, उज्ज्वल, तुम्ही. ‘निळ्या पिशवीत आहे, सोमवारी पुसू,’ असं मीच बोललो.”

“आणि या घराच्या किल्ल्या?”

उत्तर ऋताने दिलं. “आमच्या दोन. मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा तुळशीला पाणी घालायला एक उज्ज्वलला दिली, ती त्याच्याकडेच आहे. आणि एक तुमच्याकडे आहे, काकू.”

“माझ्याकडे आहे,” विनीताताईंनी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. “तीन ते चार पन्नास मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. मधली वीस मिनिटं तू नव्हतीस.”

ऋताचा चेहरा आक्रसला. “प्रिया बाहेर लॉबीत बसली होती. स्वतःचा सिनेमा बघवत नाही म्हणाली. तिला कॉफी नेऊन दिली.”

“तिला विचारीन. राजस, तुम्ही कुठे होता?”

“मॉलमध्ये फिरत होतो. माझा सिनेमा सुरू असताना मी आत बसत नाही.”

“सोबत कोणी?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही कुठे होता हे फक्त तुम्हाला माहीत आहे.”

राजस हसला, पण ते हसू टिकलं नाही. “ताई, मला काही चोरायचं असतं तर माझ्याच सुटकेसमधून चोरलं असतं का?”

“पुसायची नसेल तर तसंच करावं लागेल,” विनीताताई म्हणाल्या.

लिफ्टपर्यंत सोडायला क्षितिज आला. त्याने आवाज खाली आणला. “काकू, बोलू नये, पण काल तो बाल्कनीत फोनवर होता. परदेशातल्या कुठल्यातरी महोत्सवाचं चाललं होतं. त्यांना पूर्ण आवृत्तीच हवी आहे. ‘पुसणार कोण, बघू,’ असं त्याचं वाक्य मी स्वतः ऐकलं.”

३

प्रियदर्शिनी आणि उज्ज्वल शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत. चौथा मजला. हॉलमध्ये बुद्धाची लाकडी मूर्ती आणि खाली तिच्या प्रयोगशाळेच्या वह्यांचा ढीग. राजसने फोन करून तिला सांगितलं होतं. ती सोफ्यावर ताठ बसली होती.

“व्हिडिओची पोर्टल तपासत होते,” ती म्हणाली. “कुठे वर चढवलंय का ते. अजून नाही.”

“नाहीच होणार,” उज्ज्वल आतून चहा घेऊन आला. वुडलँड्समधल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. “बसा न, काकू. साखर कमी टाकली आहे.”

“ऋता तुला कॉफी द्यायला आली होती?” विनीताताईंनी प्रियदर्शिनीला विचारलं.

“हो. पंधरा-वीस मिनिटं बसली. हात धरून बसली होती. काकू, ही भूमिका आधी तिला हवी होती, लोक काय बोलतात मला माहीत आहे. पण ती नाही.”

“त्या प्रसंगात काय आहे?”

“शूटिंगच्या दिवशी काय घडलं ते मला माहीत आहे. माझी पाठ आणि खांदा. आरशात अर्धा सेकंद चेहरा. खोलीत आम्हा दोघा कलाकारांशिवाय दोनच माणसं होती, कॅमेरावाली बाई आणि राजस. पण एडिटिंगमध्ये त्याचं काय केलं, कशाला काय जोडलं, ते मी पाहिलेलं नाही. आधी पाहायचं नव्हतं. उद्या पाहणार होते आणि मग पुसणार होते.” तिने हातातला फोन पालथा ठेवला. “चार मिनिटं माझी आहेत, काकू. आणि ती आता माझ्याआधी कोणीतरी बघतंय.”

उज्ज्वलने तिच्यासमोर कप सरकवला. तिने घेतला नाही.

“शेवटी लोक हसले ना?” तिने त्याला विचारलं. “लॉबीत आवाज आला. इन्स्पेक्टर घड्याळ दाखवतो तिथे असणार.”

“हसले नाहीत. टाळ्या होत्या त्या.”

विनीताताई चहा पिता पिता थांबल्या. सभागृह हसलं होतं, चांगलं खदखदून हसलं होतं. त्यांच्या मागे कोणीतरी ‘सेल बदला साहेब’ असंही ओरडलं होतं. पण नवरा बायकोला इतकं खोटं बोलणारच, असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

“तू कुठे बसला होतास?” त्यांनी सहज विचारलं.

“शेवटच्या रांगेत. कडेला.”

निघताना प्रियदर्शिनी दारापर्यंत आली. “मंगळवारी सकाळी राजसचं विमान आहे,” ती हळू म्हणाली. “डिस्क त्यानेच लपवली असेल तर ती त्याच्याबरोबर जाईल. मग मी जन्मभर प्रत्येक मेसेज उघडताना घाबरणार.”

४

सोमवारी सकाळी तिन्ही अभिप्राय वेळेवर आले. विनीताताईंनी ते छापून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर एकाखाली एक मांडले.

क्षितिजने लिहिलं होतं: ‘मध्यंतरापर्यंत सिनेमा धरून ठेवतो, मग घसरतो. शेवटी इन्स्पेक्टर आरोपीच्या मनगटावरच्या बंद घड्याळाकडे बोट दाखवतो आणि आरोपी कबुली देऊन टाकतो. का? घड्याळ बंद पडलं कसं, हे कोणी सांगतच नाही. बंद घड्याळाने माणूस खुनी ठरत असेल तर माझ्या घरात तीन खुनी आहेत. दीड तारा.’

ऋताने लिहिलं होतं: ‘प्रियदर्शिनी आली की पडद्यावरचे बाकी सगळे फिके पडतात, हे मी मनापासून लिहिते आहे. शृंगार आहे, पण ओंगळपणा नाही. शेवट मात्र आकाशातून पडल्यासारखा. अडीच तारे.’

उज्ज्वलने लिहिलं होतं: ‘माझी बायको त्यात आहे म्हणून मला लिहायला सांगू नये असं मी काकूंना म्हटलं होतं. तरी लिहितो. हा सिनेमा देहाविषयी नाही, एकमेकांवर नजर ठेवण्याविषयी आहे. समोरच्या ब्लॉकमधला माणूस रोज जे पाहतो त्यापेक्षा न दिसणारंच त्याला जास्त छळतं. रहस्याची बांधणी विशेष आवडली. काचेच्या सुरईपासून निघालेला धागा शेवटी मनगटावर येऊन थांबतो, एकही गाठ सुटी राहत नाही. चार तारे.’

विनीताताईंनी पहिली खूण क्षितिजच्या मजकुरावर केली. ‘मध्यंतर’. काल मध्यंतर झालंच नव्हतं. इथल्या थिएटरात सिनेमा सलग दाखवतात. आत बसलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. त्यांनी फोन लावला.

“क्षितिज, मध्यंतरात काय खाल्लंस?”

पलीकडून तो मोठ्याने हसला. “काकू, काहीच नाही, म्हणून तर चिडून लिहिलंय! मराठी सिनेमा म्हटला की हाताला सवय आहे हो. पूर्वार्ध, मध्यंतर, उत्तरार्ध. वडा नसला तरी मध्यंतर असतंच.”

“मग आत होतास याला साक्षीदार?”

“तुमच्या मागे कोण ओरडलं असं वाटतं तुम्हाला? ‘सेल बदला साहेब’?”

आवाज तोच होता. विनीताताईंनी खूण खोडली.

मग त्यांनी कपाटातून दोन कात्रणं काढली. मुंबईच्या समीक्षकांची, मार्चमधली, प्रसंग काढण्यापूर्वीची. एकाने सिनेमा डोक्यावर घेतला होता. दुसऱ्याने झोडपला होता, ‘कॅमेरा शयनगृहात रेंगाळतो आणि कथा बाहेर ताटकळते’, पण पुढे हेही लिहिलं होतं: ‘रहस्याचा उलगडा मात्र चोख’.

चोख. विनीताताईंनी तो शब्द दोनदा वाचला. न आवडलेल्या माणसालाही मार्चमध्ये शेवट चोख वाटला होता. एप्रिलनंतर मात्र आवडलेल्यांनाही तो पटत नव्हता. ऋताला नाही, त्यांना स्वतःलाही नाही. एकाच सिनेमाबद्दल दोन मतं असतात, त्यात नवल नाही. पण ही मतं आवडीनिवडीने वेगळी झालेली नव्हती, तारखेने झाली होती.

मार्चचा शेवट चोख, एप्रिलनंतरचा फसलेला. आणि काल, ऑगस्टच्या एका रविवारी, एका माणसाला तो पुन्हा चोख वाटला होता.

त्यांनी एका शब्दाखाली रेघ मारली आणि जिना चढून नवव्या मजल्यावर गेल्या. राजस नाश्ता करत होता.

“तुमच्या सिनेमात काचेची सुरई कुठे आहे?”

राजसचा चमचा बशीतच राहिला.

“सुरईबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?”

५

“आधी मी विचारलं,” विनीताताई म्हणाल्या.

राजसने बशी बाजूला केली. “नाहीये. आता नाहीये. त्या चार मिनिटांच्या सुरुवातीला होती. बाई पुरुषाच्या मनगटावरचं घड्याळ काढते आणि पलंगाशेजारच्या सुरईत टाकते. पाण्यात. घड्याळ सव्वातीनला बंद पडतं, आणि नवरा त्याच खोलीच्या बाल्कनीतून पडतो त्या वेळी हा माणूस तिच्या खोलीत होता हे त्या घड्याळावरून सिद्ध होतं. मूळ पटकथेत पुरावा म्हणून रुमाल होता. घड्याळ मला शूटिंग संपल्यावर, एडिटिंगला बसल्यावर सुचलं. शेवटाचं शूटिंग मुंबईत पुन्हा केलं.”

“आणि तो सुरईचा शॉट?”

“तोही मुंबईत. फक्त एक हात, घड्याळ आणि सुरई. हात माझ्या सहायक दिग्दर्शिकेचा.”

“मग तो का काढलात? त्यात नायिका नाहीच.”

राजसच्या आवाजात चार महिन्यांची चीड होती. “कारण प्रियाने ‘दरवाजा बंद झाल्यापासून दरवाजा उघडेपर्यंत सगळं काढा’ म्हटलं, आणि मी रागाने खरंच सगळं काढलं. म्हटलं, बघू दे लोकांना काय होतं ते. झालं. सिनेमाचे पाय मोडले. सगळे म्हणतात शेवट फसला. बरोबर आहे त्यांचं. माझंच चुकलं.”

“प्रियदर्शिनीला सुरईबद्दल माहीत होतं?”

“कसं असेल? तिने ती चार मिनिटं पाहिलीच नाहीत.”

“तुम्ही इथे कोणाला बोललात? क्षितिजला, उज्ज्वलला?”

“माझ्या चुकीबद्दल? नाही हो. उज्ज्वलशी तर धड दोन वाक्यं बोललो नाहीये. तो बोलतच नाही माझ्याशी.”

“आणि महोत्सवाला पूर्ण आवृत्ती पाठवायची होती, त्याचं काय?”

राजसने बशी आणखी दूर सरकवली. मग म्हणाला, “मोह झाला होता. खोटं कशाला बोलू. पण मी शब्द दिला होता, म्हणून तर डिस्क घेऊन आलो. शपथ घेतली तरी तुमचा विश्वास बसणार नाही.”

“शपथेवर नाही बसणार,” विनीताताई उठल्या. “सुरईवर बसलाय.”

६

वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, एकच्या सुमाराला बसायला जागा मिळणं कठीण. उज्ज्वलने इथल्या रीतीप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवली होती. समोर नूडल्सचा वाडगा, न ढवळलेला.

“एवढ्या लांब कशाला आलात, काकू? फोनवर सांगायचं न.”

“मजकुरात एक दुरुस्ती आहे. लेखकाला विचारल्याशिवाय मी करत नाही.” त्यांनी कागद त्याच्यासमोर ठेवला. एका शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती. “ही सुरई. काल मी सिनेमा पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत पाहिला. मला दिसली नाही.”

“असेल की. तुमचं लक्ष नसेल.”

“एकशे चौसष्ट माणसांचं लक्ष नव्हतं, म्हणून ती हसली. घड्याळ का बंद पडलं ते कोणालाच कळलं नाही. हसली हेही तुला माहीत नव्हतं. तू प्रियाला म्हणालास, टाळ्या होत्या. मला वाटलं, समजूत काढतोयस. पण तू तेव्हा तिथे नव्हतासच.”

उज्ज्वल वाडग्याकडे बघत राहिला.

“सुरईचा शॉट मार्चमध्ये होता, एप्रिलमध्ये काढला. त्यानंतर तो एकाच ठिकाणी होता. त्या डिस्कवर. प्रियाने तुला सांगितला नाही, कारण तिलाच माहीत नाही. राजसने नाही. दोन्ही परीक्षणं मी तपासली, त्यांतही नाही. मग तो तू कुठे पाहिलास?”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी ट्रे आपटला. उज्ज्वल दचकला.

“त्यात तर फक्त एक हात आहे,” तो शेवटी म्हणाला. “हात आणि काच. त्यात कापण्यासारखं काय होतं? मला वाटलं, कापलेला भाग त्याच्यानंतर सुरू होतो.”

“तसं कोणालाही वाटलं असतं. कधी गेलास?”

“तीन दहाला. बाजूच्या दाराने. तीन स्टेशनं तर आहेत. ऋतावहिनीने किल्लीला चिठ्ठी बांधली आहे, ‘तुळस’ म्हणून. ती बघून क्षणभर परत फिरावंसं वाटलं होतं, काकू. आलो तेव्हा लोक बाहेर पडत होते.”

“आणि रात्री पाहिलीस.”

“तुम्ही गेल्यावर ती टेन्शनमध्ये राजसकडे धावली तेव्हा. पूर्ण सिनेमा पाहिला. लिहून द्यायचं होतं न तुम्हाला. दिलं नसतं तर तुम्ही विचारलं असतं, का नाही दिलंस.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “मार्चमध्ये माझ्या मावसभावाने नागपूरहून ते परीक्षण पाठवलं. ‘नायिकेचा धीटपणा’. खाली एक हसरा चेहरा. बाकी एक अक्षर नाही. पाच महिने तो चेहरा माझ्या डोक्यात आहे. ती सांगत होती, पाठ आणि खांदा. मी हो म्हणत होतो. आज पुसली असती तर मला कधीच कळलं नसतं.”

“काय कळलं नसतं?”

त्याने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. मग म्हणाला, “मी आज डिस्क परत त्या पिशवीत ठेवतो. सापडली असं म्हणू. तिला सांगू नका, काकू. पाया पडतो.”

विनीताताईंनी कागदाची घडी घातली. “राजसवर तिचा संशय आहे. ऋतावर सगळ्यांचा आहे. तो मी त्यांच्यावर राहू देणार नाही. पण सांगायचं तू आहेस. अंक सहाला जातो, तू पाचला नवव्या मजल्यावर ये.”

“आणि नाही आलो तर?”

“तर मी हा कागद तिला वाचायला देईन. ती संशोधक आहे. तिला माझ्यापेक्षा कमी वेळ लागेल.”

७

पाच वाजून चार मिनिटांनी उज्ज्वलने सबनीसांच्या टेबलावर डिस्क ठेवली. शेजारी ‘तुळस’ लिहिलेली किल्ली. मग तो उभ्यानेच बोलला. सगळं मिळून सहा-सात वाक्यं.

राजसच्या तोंडून एक शिवी निघाली. क्षितिजने त्याचा दंड धरला. ऋता प्रियदर्शिनीकडे सरकली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जागच्या जागी थांबली.

“पाहिलंस?” प्रियदर्शिनीने विचारलं.

“हो.”

“मी काय सांगितलं होतं तुला?”

“पाठ आणि खांदा. आरशात अर्धा सेकंद चेहरा.”

“आणि काय दिसलं?”

उज्ज्वलने टेबलावरच्या डिस्ककडे पाहिलं. “पाठ आणि खांदा. आरशात अर्धा सेकंद चेहरा.”

“किती वेळा पाहिलंस?”

“प्रिया—”

“किती वेळा?”

“तीनदा.”

तिने मान हलवली, एखाद्या प्रयोगाचा आकडा वहीत उतरवून घ्यावा तशी. “पहिल्यांदा पाहून खात्री झाली नाही,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग राजसकडे वळली. “लॅपटॉप लावून द्या. आणि सगळे बाहेर जा.”

“आम्ही आतल्या खोलीत—”

“बाहेर.”

पाच माणसं कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकपाशी अनवाणी उभी राहिली. पलीकडच्या घरातली म्हातारी ग्रिलआडून बघून गेली. राजस कठड्याला टेकून खाली पाहत होता. उज्ज्वल लिफ्टपाशी एकटा होता. क्षितिज हळूच ऋताला म्हणाला, “मला वाटलं होतं राजसच असेल.” ऋता म्हणाली, “मला माहीत आहे. आणि तुमच्यातल्या निम्म्यांना वाटलं होतं मी असेन.”

विनीताताईंनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली. सहा. नऊ. राजस चुळबुळ करू लागला.

अकराव्या मिनिटाला दार उघडलं. प्रियदर्शिनीचे डोळे कोरडे होते.

“चांगलं झालंय ते,” ती राजसला म्हणाली. “वाईट असेल असं वाटलं होतं. नाही. पण ते माझ्याकडे राहणार नाही आणि तुमच्याकडेही नाही. आत या आणि माझ्यासमोर पुसा. सुरईचा शॉट ठेवा. तो माझा हात नाही. सिनेमात परत घाला, शेवट नीट होईल.”

राजस आत गेला.

“ऋता, आज मी तुमच्याकडे झोपले तर चालेल?”

“मी अंथरूण घालते,” ऋता म्हणाली.

उज्ज्वल दोन पावलं पुढे आला होता. तो तिथेच थांबला.

ती चार मिनिटं पुसून झाली तेव्हा साडेपाच वाजले होते. विनीताताईंच्या हातात पानाचा कच्चा कागद होता, त्यावर तीन अभिप्राय. प्रियदर्शिनीने तो मागितला. क्षितिजचा वाचला, ऋताचा वाचला, आणि तिसरा वाचायला सुरुवात करून दुसऱ्या ओळीशी थांबली. कागद परत दिला.

“काकू, हा छापू नका.”

“कारण काय लिहू?”

“लिहू नका काही. विचारलं तर सांगा, त्याने सिनेमा पाहिला नाही.”

विनीताताईंनी पेन्सिल काढली, तिसऱ्या अभिप्रायावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच रेघ ओढली आणि जिना उतरू लागल्या. पंचवीस मिनिटं उरली होती. पानावर पंचावन्न शब्दांची जागा रिकामी झाली होती. त्यांनी ती रिकामीच ठेवली.